डॉल्फिनवर पाणी घाला, बूबीवर नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये तुमच्या किनाऱ्यावर आधी डॉल्फिनचं साडेतीन फुटी पिल्लू जिवंत लागलं. अंगावर उभ्या फिकट रेघा होत्या, पाठीचा पर एका बाजूला कललेला होता. चारच दिवसांनी त्याच वाळूत एक मोठा पांढरा-काळा पक्षी येऊन बसला. फोटोवरून तो मास्क्ड बूबी आहे. जमलेल्या मंडळींनी दोघांवरही समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. पक्ष्याच्या चोचीत बांगड्याचे तुकडे आणि पाणी घातलं, तो चावायला येतो म्हणून चोचीला रबर बांधलं. दोघंही वाचले नाहीत. तुम्ही विचारता की दोघंही समुद्रातले, दोघंही मासे खाणारे, हवेत श्वास घेणारे आणि गरम रक्ताचे. मग उपचार एकच का नसावा, आणि आपलं चुकलं कुठे?

मी गुरांचा डॉक्टर म्हणून कोकणात नोकरीला लागलो आणि गेली बावीस वर्षं किनाऱ्यावर आलेल्या अशा जिवांकडेही धावतोय. सुरुवातीला माझ्याही डोक्यात तुमचंच गणित होतं, समुद्रातला प्राणी म्हणजे त्याला समुद्र हवा. त्या गणिताने माझ्या हातूनही पक्षी गेलेले आहेत. म्हणून आधी कामाचं उत्तर देतो, मग कारणं सांगतो.

पाण्याबाहेर आलेला डॉल्फिन तापून मरतो, आणि थकलेला समुद्रपक्षी भिजून, गारठून मरतो. डॉल्फिनवर पाणी घालणं बरोबर होतं. बूबीवर तेच पाणी घालणं घातक ठरलं.

डॉल्फिनला केस नाहीत. त्याची ऊब कातडीखालच्या चरबीच्या थरात असते. हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं, आणि त्या ओढीला पुरून उरेल असा हा थर आहे. हा कोट त्याला काढून ठेवता येत नाही. पाण्यात असताना जास्तीची उष्णता तो पर आणि शेपटीतून बाहेर टाकतो, कारण तिथे चरबी जवळजवळ नसते आणि रक्तवाहिन्या कातडीलगत येतात. वाळूवर आला की ही सोय बंद पडते. ढगाळ दिवशीसुद्धा आतून तो तापत जातो, कातडी वाळते, फोड येतात. म्हणून सावली करायची, पांढरं किंवा फिकट सुती कापड ओलं करून अंगावर टाकायचं आणि पर, शेपटी सतत ओली ठेवायची. जुनी लुगडी आणि पंचे यासाठी उत्तम.

पक्ष्याची ऊब पिसांत असते, खरं तर पिसांमध्ये अडकलेल्या हवेत. त्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम, चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास. प्रत्येक पिसाचे बारीक तंतू एकमेकांत आकड्यासारखे अडकलेले असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पक्षी दिवसभर चोचीने पिसं विंचरतो, शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल त्यांना लावतो. ही त्याची चैन नाही, ही दुरुस्ती रोज झाली नाही तर कोट गळायला लागतो. चार-पाच दिवस वादळात उपाशी भरकटलेल्या पक्ष्याला पिसं विंचरण्याचीही ताकद राहत नाही. तो किनाऱ्यावर येऊन बसतो तो बहुतेकदा पाण्यात बसवत नाही म्हणूनच. अशा पक्ष्यावर बादली ओतली की उरलीसुरली हवा निघून जाते आणि पाणी थेट कातडीला भिडतं. पिसांवर पाण्याचे थेंब मण्यासारखे घरंगळतात की पिसं ओल्या फडक्यासारखी चिकटतात, एवढं बघितलं तरी त्याची अवस्था कळते.

डांबरगोळ्यांचंही, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाच्या घट्ट झालेल्या गोळ्यांचंही इथेच सांगतो, कारण पावसाळ्याच्या तोंडाला ते आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी येतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं होतं. तेलाचा छोटासा डाग पक्ष्याच्या पोटावर पडला तरी तिथली पिसं चिकटून कोटाला भोक पडतं, आणि चोचीने तेल काढायच्या नादात ते त्याच्या पोटात जातं. डॉल्फिनच्या गुळगुळीत कातडीला तेल तितकं चिकटत नाही. पण तो नेमका पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन श्वास घेतो आणि तेलाची वाफ तिथेच साचलेली असते, म्हणून त्याच्या फुप्फुसाला मार बसतो.

आता श्वास. माझ्या मते तुमच्या बूबीचा जीव सगळ्यात आधी इथे गेला.

बूबीला बाहेरून दिसणाऱ्या नाकपुड्या नसतात. तीस-तीस मीटर उंचीवरून तो डोकं खाली करून समुद्रात सूर मारतो. नाकपुड्या उघड्या असत्या तर पाणी त्या वेगाने थेट आत घुसलं असतं. म्हणून त्या बंद झाल्या आणि तो चोचीच्या कडेच्या फटीतून श्वास घेतो. चोचीला रबर बांधलं म्हणजे आपण त्याचं नाक-तोंड दोन्ही बांधलं. कावळ्याला किंवा घारीला रबर बांधलं तर निदान नाकपुड्या उरतात, बूबीला काहीच उरत नाही. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात मलाही हे कोणी शिकवलं नव्हतं, कोंबडीच्या पलीकडे पक्षी आम्ही फारसा पाहिलाच नव्हता. पण आता तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांना हे आवर्जून सांगा. चोच धारदार असते, कडांना करवतीसारखे दाते असतात, आणि तो डोळ्यांवर वार करतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे मोठा टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकायचा, टॉवेलवरूनच मान हलकी धरायची आणि आपला चेहरा लांब ठेवायचा.

दुसरी चूक चोचीत पाणी ओतण्याची. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. जबरदस्तीने ओतलेलं पाणी गिळलं जात नाही, ते नलिकेत जातं. तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण फोटोत दिसते. एकाने पक्ष्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरलंय. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट यांमधला श्वासपटल नसतो. उराचं हाड पुढे-मागे हलतं आणि त्या भात्याने हवा आत-बाहेर होते. फुप्फुसं छोटी आणि घट्ट असतात. त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर पसरलेल्या असतात, हाडांतही शिरलेल्या असतात. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे एका श्वासातला प्राणवायू तो आपल्यापेक्षा कितीतरी चांगला वापरतो. मात्र भाता दाबला की सगळं थांबतं. घट्ट धरलेला पक्षी शांत झाला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो गुदमरत असतो.

डॉल्फिनमध्ये याच्या उलट रचना आहे. त्याचं नाक डोक्यावर सरकलंय आणि तोंडापासून पूर्ण वेगळं झालंय. स्वरयंत्राचा भाग चोचीसारखा वर जाऊन नाकाच्या वाटेत घट्ट बसतो, म्हणून मासा गिळताना पाणी फुप्फुसात जात नाही. एका श्वासात तो फुप्फुसातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास हवा बदलतो. आपण आरामात बसलेले असताना जेमतेम दहा-पंधरा टक्के बदलतो. आणि त्याचा प्रत्येक श्वास ठरवून घेतलेला असतो. झोपेतही त्याचा अर्धा मेंदू जागा राहतो. पण डोक्यावरचं ते एकच भोक आहे. उत्साहाने बादली ओतताना पाणी त्यात गेलं, किंवा ओलं कापड त्यावर आलं, तर बूबीला रबर बांधण्यासारखंच होतं. कापड टाकताना एका माणसाने फक्त त्या भोकाकडे बघत बसायचं आणि श्वास मोजायचे. निवांत डॉल्फिन मिनिटाला दोन-चारदा श्वास घेतो. दहा-बारावर गेला तर तो घाबरलाय किंवा दुखणाईत आहे.

त्यालाही छातीचा धोका आहेच, तो त्याच्या स्वतःच्या वजनाचा. पाण्यात तरंगणारं शरीर वाळूवर आलं की त्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात. म्हणून त्याला कुशीवर ठेवू नये, पोटावर सरळ ठेवावं, दोन्ही परांखाली वाळूत खळगे करावेत आणि शक्य असेल तर पोटाखाली पाणी साचू द्यावं. शेपटीला दोर बांधून ओढू नये. मणका आणि शेपटीचे सांधे निखळतात, मी शवविच्छेदनात ते पाहिलंय. उचलायचंच तर ताडपत्री अंगाखाली सरकवून चौघा-सहा जणांनी उचलायचं.

मिठाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा तुमच्या घटनेशी फारसा संबंध नाही. डॉल्फिन समुद्राचं पाणी मुद्दाम पीत नाही. माशातलं पाणी आणि अन्न पचताना तयार होणारं पाणी त्याला पुरतं, जास्तीचं मीठ मूत्रपिंडं काढतात. त्याचं मूत्रपिंड शेकडो छोट्या गाठींचं, द्राक्षाच्या घडासारखं असतं. पक्ष्याचं मूत्रपिंड हे काम पेलू शकत नाही, त्यासाठी डोळ्यांच्या वर वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांतून खारट पाणी पाझरून बूबीच्या चोचीच्या टोकाशी येतं आणि तो मान झटकून ते उडवतो. गावात लोक म्हणतात, पक्ष्याला सर्दी झालीय. ती सर्दी नाही, उलट ग्रंथी चालू असल्याची खूण आहे.

दोघंही उपाशी आहेत का हे ओळखायची खूण मात्र पाठ करून ठेवा. पक्ष्याच्या छातीवर मधोमध बोट फिरवा. उराचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर स्नायू झडलेत. डॉल्फिनच्या श्वासाच्या भोकामागे बघा. तिथे मान भरलेली असायला हवी. खळगा पडून डोकं शेंगदाण्याच्या टरफलासारखं दिसत असेल तर तो कित्येक दिवसांचा उपाशी आहे. अशा पक्ष्याला आधी ऊब, मग डॉक्टरांच्या हातून क्षार-पाणी आणि त्यानंतर अन्न, हा क्रम आहे. थंड पडलेल्या आतड्यात बांगडा पचत नाही, तो तसाच कुजतो. भुकेल्याला आधी घास द्यावा ही आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे, पण इथे ती लागू पडत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इतकं सारखं आयुष्य असून शरीरं इतकी वेगळी का?

मी डॉल्फिनचं पहिलं शवविच्छेदन केलं तेव्हा पोट उघडल्यावर काही वेळ नुसता बघत राहिलो. आत कप्पे होते. गाई-म्हशींची पोटं ज्याने उघडलीत त्याला ते ओळखीचे वाटतात. मागच्या बाजूला मांसात दोन सुटी, बोटभर हाडं सापडली. एके काळच्या कमरेची ती हाडं, आता पायांशिवायची. डॉल्फिन आणि देवमासे खूरवाल्या प्राण्यांच्या कुळातून आले, आज त्यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे. आणि ही गोष्ट घडली ती आपल्याच उपखंडात. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जमवलेल्या दगडांमध्ये इंडोहायस नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याची हाडं होती. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची. २००७ साली हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या कानाच्या हाडाला देवमाशांसारखीच जाड भिंत आहे. पाकिस्तानात सापडलेला पाकिसीटस आणि कच्छमधला कच्छिसीटस हे त्याच वाटेवरचे प्राचीन देवमासे. घोडा दौडताना पाठ वर-खाली होते ना, तीच चाल डॉल्फिनच्या शेपटीत उरली आहे. मासा शेपटी डावी-उजवी हलवतो, डॉल्फिन वर-खाली.

बूबी दुसऱ्याच घरातला. त्याचे पूर्वज दोन पायांवर पळणारे डायनासोर. त्याच्याकडे पिसं आली, पोकळ हाडं आली, हवेच्या पिशव्या आल्या आणि कवचाचं अंडं आलं. या चारही गोष्टी घेऊन तो समुद्रावर गेला.

माझ्या दृष्टीने यातलं अंडं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सस्तन प्राण्याला पिल्लू पोटात वाढवता येतं, त्यामुळे डॉल्फिनला जमीन कायमची सोडता आली. आपल्या किनाऱ्यालगतची हम्पबॅक डॉल्फिनची मादी, जिच्या जातीला मच्छीमार गादा म्हणतात, दहा-बारा महिने पिल्लू पोटात वागवते आणि पाण्यातच विते. पिल्लू लगेच श्वास घ्यायला वर जातं आणि पुढे दीड-दोन वर्षं आईच्या दाट, चरबीने भरलेल्या दुधावर असतं. पक्ष्यांमध्ये मात्र एकही जात अशी नाही जी पिल्लाला जन्म देते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यांतून श्वास घेतो. पाण्यात ठेवलेलं अंडं गुदमरतं. त्यामुळे महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्यालाही परत कोरड्या जागेवर यावंच लागतं. पेंग्विनने उडणं सोडलं, हाडं जड केली, सम्राट पेंग्विन तर पाचशे मीटरहून खोल बुडी मारतो. तरी अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात बर्फावर उभं राहून नराला दोनेक महिने अंडं पायांवर सांभाळावं लागतं.

मास्क्ड बूबी भारतात घरटी करत नाही. अरबी समुद्रात ओमानच्या हल्लानियात बेटांवर त्याच्या वसाहती आहेत. मादी बहुधा दोन अंडी घालते, वाढतं एकच पिल्लू. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सुटला की खुल्या समुद्रावरचे पक्षी आपल्या बाजूला ढकलले जातात, त्यातले थकलेले तुमच्या वाळूवर उतरतात. आपल्याकडचं म्हणाल तर वेंगुर्ल्यासमोरच्या बर्न्ट बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात. अशा एका खडकावर उंदीर शिरले किंवा विणीच्या दिवसांत माणसांची वर्दळ सुरू झाली, तर शेकडो मैल समुद्र मोकळा असून त्या पक्ष्यांना काही उपयोग नाही. डॉल्फिनला बेट लागत नाही. त्याला हवा असतो किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा, खाड्यांची तोंडं, आणि नेमक्या तिथेच आपली जाळी, बोटी आणि सांडपाणी असतं. हम्पबॅक डॉल्फिन आज धोक्यात आलेली जात मानली जाते. गिलनेटमध्ये अडकलेला डॉल्फिन आणि त्याच जाळ्यात शिरलेला बुडी मारणारा पक्षी मात्र एकाच कारणाने मरतात. दोघांनाही वर येऊन श्वास घ्यायचा असतो.

तुमच्या पिल्लाबद्दल. अंगावरच्या त्या उभ्या रेघा म्हणजे आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या घड्या. कललेला परही तेच सांगतो. ते नुकतंच जन्मलेलं होतं. आईपासून तुटलेल्या एवढ्या पिल्लाला समुद्रात परत ढकललं तरी ते जगत नाही, आणि गाईच्या दुधाने त्याचं भागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत आलं तेव्हा वनखातं, गावकरी, मच्छीमार रात्रंदिवस राबले, त्याला खोल पाण्यात नेलंही, तरी ते वाचलं नाही. तुम्ही त्याच्यावर सावली धरलीत, अंग ओलं ठेवलंत, गर्दी हटवलीत. यापेक्षा जास्त मीही करू शकलो नसतो, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

बूबी मात्र कदाचित वाचला असता. रबर, पाणी, मासा आणि छातीवरची पकड, या चारही गोष्टी टाळता आल्या असत्या. तुम्ही खरं उत्तर मागितलंत म्हणून स्पष्ट लिहितोय.

पुढच्या पावसाआधी जीवरक्षकांच्या मनोऱ्यात हे ठेवा: दोन मोठे टॉवेल, भोकं पाडलेलं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं, चार सुती चादरी, एक ताडपत्री, हातमोजे आणि मास्क, कारण डॉल्फिनच्या फवाऱ्यातून रोग आपल्यालाही लागू शकतो. पक्षी आला तर टॉवेलमध्ये घेऊन खोक्यात ठेवा, खोकं अंधारात, कोरड्या, उबदार जागी, आत काहीही खायला नाही, प्यायला नाही. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. बूबी सपाट वाळूवरून सहज उडू शकत नाही, तेव्हा तो उडत नाही म्हणून त्याला हवेत फेकूही नका. डॉल्फिन आला तर तो जिवंत असो वा मेलेला, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. मेलेल्यालाही आम्ही येण्याआधी पुरू नका, त्याच्या पोटातून आणि फुप्फुसातून पुढच्या डॉल्फिनसाठी पुष्कळ काही कळतं. तुमच्या मंडळींना मे महिन्यात अर्धा दिवस मिळत असेल तर मी येतो. टॉवेल कसा टाकायचा आणि पक्ष्याची मान कशी धरायची, ते वाचून येत नाही, ते हाताला शिकवावं लागतं. येताना गावठी कोंबडा घेऊन येईन, सराव त्याच्यावर करू.